धम्मपालजींचं मिग

उकव्याच्या मँगनीज खाणीतल्या ऑफिसातून निवृत्त होऊन धम्मपाल मेश्राम बालाघाटात राहायला आले आणि शेजारी चैतराम बिसेन राहतात, हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. चैतराम हवाई दलातून निवृत्त झाले होते. चौकातल्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी ते एक तरी विमान उडवत. धम्मपालजींजवळ सांगण्यासारखं फक्त हजेरीपत्रक होतं.

वर्षभर ऐकून घेतल्यावर एके दिवशी ते बायकोला म्हणाले, "त्याच्यापाशी नुसत्या गोष्टीच आहेत. मी विमानच आणतो."

"आना. पन ठेवसान कुठी?" संध्याबाईंनी विचारलं.

नागपूरहून लेकीनं, आम्रपालीनं, मोबाइलवर मॉडेलचे किट दाखवले. प्लॅस्टिकचे सुटे भाग. आपणच जोडायचे, आपणच रंगवायचे. मिग-२१ लगेच पक्कं झालं. मग प्रश्न आला, एकास अठ्ठेचाळीस घ्यायचं की एकास बहात्तर?

"बहात्तर! कंजुषी काहून करा?"

"बाबा, पण ऐका तर..."

"बहात्तर म्हंजे बहात्तर."

आकडा मोठा म्हणजे विमान मोठं, यात त्यांना शंका नव्हती. त्यांनी टपरीवर जाहीर करून टाकलं आणि सुताराकडून चार फुटी काचेची पेटी करून घेतली. ती बैठकीत मावेना म्हणून दिवाण व्हरांड्यात गेला, आणि त्याच्याबरोबर संध्याबाईंची दुपारची झोपही.

पार्सल आलं ते मिठाईच्या डब्याएवढं.

"हे सॅम्पल असन," धम्मपालजी म्हणाले. तरी त्यांनी फोन लावलाच.

"बाबा, बहात्तर म्हणजे खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं," आम्रपाली म्हणाली. "तेच तर सांगून राह्यली होती मी."

आता माघार शक्य नव्हती. रविवारी सगळ्यांना घेऊन पाहायला येतो, असं चैतराम सांगून बसले होते. धम्मपालजी कामाला लागले. पहिल्याच दिवशी अंगठा पंखाला चिकटला. चिमट्यातून एक चाक असं उडालं की संध्याबाईंनी घरातला सगळा केर चाळणीनं चाळला, तेव्हा कुठे ते दोन मोहऱ्यांसोबत सापडलं. पण चौथ्या दिवशी धम्मपालजी कामाच्या नादात चहा प्यायचा विसरले. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कामाची नोंद केलेल्या माणसाच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी तयार होत होतं.

रविवारी सकाळी त्यांनी रंगवलेलं विमान पेटीत ठेवलं. ते शेपटीवर बसलं. उचलून पुन्हा ठेवलं, पुन्हा बसलं. मग त्यांनी माहितीचा कागद उलगडला. नाक जोडण्याआधी आत वजन घालायचं होतं. कागदावरच्या चित्रातले पाच ग्रॅम त्यांनी रंगाचं माप समजून सोडून दिले होते, आणि नाक तर कधीच बंद झालं होतं.

तेवढ्यात चैतराम टपरीवरच्या सात जणांना घेऊन आलेच. चार फुटी पेटीतलं ते वीतभर विमान पाहायला सगळे वाकले.

"एवढंसंच?" कोणीतरी म्हणालं.

"विमान दुरूनच पाहतेत नं जी," संध्याबाई चहाचा ट्रे ठेवत म्हणाल्या. "दूरचं लहानच दिसते."

"अन् नाक वर काहून आहे?"

सगळे चैतरामांकडे वळले. चैतरामांनी पेटीभोवती दोन चकरा मारल्या.

"टेक-ऑफ घेऊन राह्यलं," ते म्हणाले. "मिग ऐसाच उठते. एकदम!"

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा घेतला. मंडळी गेली, चैतराम मात्र रेंगाळले.

"मेश्रामजी, जरा हातात घेऊ का?"

दोन्ही तळव्यांवर विमान घेऊन त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं.

"इतक्या जवळून पह्यल्यांदाच पाहून राह्यलो."

"म्हंजे? तुमी तं..."

"मी राशन स्टोअरले होतो जी. आटा, दाल, कांदे. विमान वरून जाय, त्याचा आवाज तेवढा ऐकू ये." त्यांनी शेपटीकडे पाहिलं. "हे असं उठते का नाही, मले काय मालूम?"

चैतरामांचं तोंड बंद करायला वर्षभर जे हवं होतं, ते धम्मपालजींना आयतं मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम लवकर टपरीवर गेले. मिगचं नाक धावपट्टीवर कसं उचललं जातं, ते चैतराम दोन्ही हातांनी दाखवत होते.

"मेश्रामजी, खरं आहे का जी हे?" एकानं विचारलं.

चैतरामांचे हात हवेतच थांबले. धम्मपालजींनी चहावर फुंकर घातली. चैतराम खोटे ठरले तर बैठकीतलं विमानही खोटं ठरत होतं.

"हौ," ते म्हणाले. "बिसेनजीले इचारूनच तं बनवलं मी."