आधी करंट, मग पेट्रोल

आमच्या शेजारच्या साळवे बाईंच्या पर्समध्ये चष्मा, रुमाल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि टेस्ट लॅम्प असतो. टेस्ट लॅम्प म्हणजे वायरीच्या एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला टोचा आणि टोच्याच्या मुठीत एक इवलासा बल्ब. गाडीच्या कुठल्या वायरीत करंट आलाय आणि कुठल्यात नाही, ते त्यावरून कळतं. हा लॅम्प घेऊन बाई लग्नालाही जातात. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात पाहुण्यांची गाडी सुरू होईना. सगळे पुरुष धक्का मारायला वाकले. बाईंनी पदर खोचला, बॉनेट उघडायला लावलं, दोन ठिकाणी टोचा लावला आणि बॅटरीची सैल झालेली वायर दाखवून दिली. मग हात धुऊन पंगतीत बसल्या आणि वाढप्याला म्हणाल्या, “जिलबी एकच.”

बाईंनी आयुष्यभर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, यजमान गेले, घरात एकट्याच असतात, पण शिकवायची सवय सुटलेली नाही. “गाडी बंद पडली” एवढंच सांगणारा माणूस त्यांना चालत नाही. “ही तक्रार झाली. माहिती सांगा. गरम असताना का गार असताना? चढाला का सपाटीला?” माझ्या बायकोनं एकदा दम लागतो म्हणून सांगितलं, तर बाईंनी तिलाही हेच विचारलं. ती म्हणाली, चढाला. “मग आधी रक्त तपासा,” बाई म्हणाल्या. रक्त कमी निघालं. तेव्हापासून बायकोच्या लेखी डॉक्टर दुसरे, साळवे बाई पहिल्या.

अंदाज या शब्दाचा त्यांना भयंकर राग. रागावल्या की नगरची शुद्ध भाषा गळून पडते आणि गावाकडची वर येते. “अंदाज पावसाचा बांधावा! गाडीला पुरावा लागतो. आधी करंट बघायचा, मग पेट्रोल. तिसरं काय न्हाई.”

मला या सगळ्याचा कंटाळा होता. मी पारनेरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. रोज नगरहून जायचं, रोज यायचं. निवृत्तीला थोडी वर्षं उरलीत आणि गुडघे आधीच निवृत्त झालेत. माझी गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, नोकरीला लागलेल्या माझ्या मुलीपेक्षा वयानं मोठी. गेल्या हिवाळ्यात तिनं नवं दुखणं काढलं. छान चालायची, मग भाळवणीच्या आसपास दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची. अर्धा तास रस्त्याकडेला बसलं की काही न झाल्यासारखी सुरू. मी पोरांना मोसमी वारे शिकवायला उशिरा पोचायचो आणि पोरं खूश व्हायची.

गाडी नागापूरला संतोषच्या गॅरेजात नेली. संतोष चाळिशी ओलांडलेला, मितभाषी आणि मेहनती. त्यानं प्लग बदलले, प्लगला करंट देणारी कॉइल बदलली, पेट्रोलचा फिल्टर बदलला, शेवटी टाकीतून पेट्रोल ओढणारा पंपही बदलला. दर वेळी म्हणायचा, “सर, आता न्हाई बंद पडायची.” आणि दर वेळी ती भाळवणीला बंद पडायची. चौथ्या खेपेला तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, “सर, दुसरीकडं दाखवा. मला न्हाई जमत आता. लोक बी म्हणत्यात, संत्याला काय कळत न्हाई. गॅरेज बंद करून कंपनीत लागावं म्हन्तोय.”

घरी येऊन हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, “कुठला संतोष? कपाळावर जखमेची खूण आहे तो?” मी हो म्हणालो. मग त्यांनी मला एक दोनशे पानी वही दिली. “गाडी कुठं बंद पडली, किती किलोमीटरला, टाकीत पेट्रोल किती, सगळं लिहायचं. पंधरा दिवस.”

विद्यार्थ्यांना जर्नल पुरं करायला लावून मी उभं आयुष्य काढलं. आता माझं जर्नल सुरू झालं. रोज संध्याकाळी बाई कुंपणापलीकडून वही मागायच्या. “इथं ‘बरंच पेट्रोल’ लिहिलंय. बरंच म्हणजे किती?” मी पुन्हा गाडीकडे जाऊन काटा बघून यायचो.

पंधरा दिवसांनी एका रविवारी मला मावसभावाकडे कोल्हारला जायचं होतं. बाई म्हणाल्या, मी येते, टाकी पूर्ण भरा. नगर सोडून थोडंच अंतर गेलो, राहुरी अजून लांब होती, तोच उसाच्या कडेला गाडीनं आचके दिले. बंद पडली. बाईंचा चेहरा खुलला. माझा पडला.

त्यांनी कॉइलला टेस्ट लॅम्प लावला. बल्ब पेटला. प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली आणि मला चावी मारायला लावली. टचटच ठिणगी पडली. “करंट हाय,” त्या म्हणाल्या. मग कार्ब्युरेटरकडे पेट्रोल नेणारी नळी सोडवली, खाली बाटली धरली आणि पुन्हा चावी मारायला लावली. पेट्रोल थेंबथेंब. “पेट्रोल न्हाई.”

“टाकी तर भरलीय, बाई.”

“म्हणूनच,” असं म्हणून त्यांनी नळी परत बसवली, मागे गेल्या आणि टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून आवाज आला. हवा आत गेली. “आता मारा चावी.” दोन-चार फेऱ्यांत गाडी सुरू.

त्यांनी मला तिथेच, उसाच्या सावलीत, समजावून सांगितलं. टाकीतून पेट्रोल कमी होतं तशी त्या जागी हवा यायला हवी. झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. मूळ झाकण मी गेल्या हिवाळ्यात पेट्रोल पंपावर विसरलो होतो आणि बाजारातलं दुसरं लावलं होतं; त्याचं भोक बंदच होतं. हवा येत नाही, पंप ओढून ओढून थकतो. अर्ध्या तासात कुठून तरी थोडी हवा झिरपते, की पुन्हा चालू. टाकी भरलेली असली की आत मोकळी जागा थोडी, म्हणून तेव्हा लवकर बंद. वहीत ते स्पष्ट दिसत होतं. लिहिणाऱ्याला तेवढं दिसलं नव्हतं.

“म्हणजे झाकण टाकून द्यायचं, झालं!” मी जवळजवळ ओरडलो.

“न्हाई. हेच ठेवायचं. बंद पडली की उघडायचं, परत लावायचं. येत्या रविवारी संतोषकडं जाऊ. त्याला सापडू दे.”

“अहो, पण तुम्हाला सापडलंय ना!”

“मला सापडून काय उपयोग?”

मी फार दमलो होतो, नाहीतर भांडलो असतो. पुढचे आठ दिवस मी कॉलेजला जाताना-येताना रस्त्यात उतरून झाकण उघडत होतो. एक मेंढपाळ रोज थांबून बघायचा. शेवटी त्यानं विचारलं, “गाडीला वारा घालताय व्हय?” त्याचंही निदान तसं बरोबरच होतं.

रविवारी आम्ही टाकी भरली आणि बाह्यवळणाला अर्धी फेरी मारून नागापूरला गेलो. गॅरेजच्या दारातच गाडीनं मान टाकली. संतोष हात पुसत बाहेर आला. बाईंना बघून त्याचे हात तसेच राहिले. त्यानं वाकून नमस्कार केला. बाईंनी “बरा आहेस?” एवढंच विचारलं आणि वही पुढे केली.

“सरांनी लिहिलंय. मला आता बारीक अक्षर दिसत नाही. तू वाच मोठ्यानं.”

दोनशे पानी वहीत ‘बरंच पेट्रोल’ नेमकं हेरणारी ही बाई!

संतोष वाचायला लागला. चौथ्या-पाचव्या पानावर अडखळला. मागं गेला, पुन्हा वाचलं. “बाई, हे उलटंच दिसतंय. टाकी भरली की लवकर बंद पडती.”

“मला काय कळत न्हाई बाबा. तू बघ.”

त्यानं ठिणगी बघितली. नळी सोडवून बघितली, परत लावली. मग वाकून टाकीखालचा पाइप चाचपला, उठला, आणि सावकाश झाकणाकडे गेला. सूंऽऽ. तो हसला. एवढ्या महिन्यांत मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं. त्यानं झाकणाला तोंड लावून फुंकर मारली, हवा जाईना. लगेच सुई घेऊन भोक मोकळं केलं आणि पुन्हा फुंकून दाखवलं.

“बाई, तुमाला ठावं हुतं?”

“न्हाई,” बाई म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात एक टेम्पोवाला आला. संतोष त्याला सांगायला लागला, “ही तक्रार झाली. माहिती सांगा. गरम असताना का गार असताना?” बाई पाचेक मिनिटं स्टुलावर बसून राहिल्या. तो टेम्पोखाली गेला होता. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, “चला सर.”

फाटकाशी उतरताना बाई म्हणाल्या, “चहा घेऊन जा.” इतक्या वर्षांच्या शेजारात असं त्या कधी म्हणाल्या नव्हत्या. घरी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पडला होता, पाठ दुखत होती. मी गेलो.

चहा ठेवून त्या ओट्याशीच उभ्या राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “संतोषला मी नापास केलं होतं. प्रॅक्टिकलला. फॉल्ट त्यानं बरोबर ओळखला होता. कशावरून ओळखलास विचारलं, तर म्हणाला, अंदाजानं. मी शून्य दिलं.”

चहा उतू जायला आला. त्यांनी गॅस बारीक केला.

“त्या वर्षी त्याला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून घेणार होते. ते गेलं. बापाबरोबर ऊसतोडीला गेला. कोयता लागला तिथंच, कपाळावर. मला हे दोन वर्षांनी कळलं. नियमानं मी बरोबर होते, सर.” त्यांनी कप माझ्यापुढे ठेवला. “किती वेळा वाटलं, नागापूरला जावं. पण जाऊन सांगायचं काय? माझ्याकडं तर गाडीपण नाही, बंद पडायला.”

पुढे बराच वेळ त्या संतोषबद्दलच बोलत राहिल्या: त्याचं अक्षर कसं होतं, तो डबा कुणाबरोबर खायचा, आज झाकण उघडताना त्यानं कान कसा जवळ नेला. खिडकीतून माझ्या घरातला दिवा लागलेला दिसत होता. माझा कप कधीच रिकामा झाला होता.

“बाई,” मी म्हणालो, “अजून अर्धा कप मिळेल?”