माझ्या मरणाची रंगीत तालीम

आमच्या दवाखान्यात माणूस मरू शकतो, पण चूक होऊ शकत नाही! हे वाक्य माझं. जबलपूरला गुणवत्ता सुधार परिषद आमच्याच दवाखान्यात भरली, तेव्हा मी ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवणार होतो. मी रत्नाकर ढोक, तिथला क्वालिटी मॅनेजर. आठ वर्षं झाली या गोष्टीला, पण सांगताना अजून अंगावर काटा येतो.

पाहुण्यांसमोर आम्ही एक ड्रिल करणार होतो. पेशंट अचानक गेला तर कोणी काय करायचं, पंधरा मिनिटांत घरी फोन कसा जायचा, सगळं. पेशंट कोण? मीच! मनगटाच्या पट्ट्यावर माझं खरं नाव, फाइलमध्ये बायकोचा, कलावतीचा, खरा नंबर. फाइलवर ‘सराव’ असं लाल स्टिकर होतं. तेही मी उपटून काढलं.

“सर, राहू द्या ना ते,” सुमेधा सिस्टर म्हणाली.

“सराव म्हटलं की लोक कामचोरी करतात, दीदी. होऊन जाऊ द्या अस्सल!”

झालं अस्सल. माझी छाती दाबली, डॉक्टरांनी घड्याळ पाहून वेळ सांगितली, चादर तोंडावर आली. टाळ्या वाजल्या आणि पाहुण्यांसकट सगळी टीम चहाला गेली. नंतर आलेल्या वॉर्डबॉयना फक्त फाइल दिसली, ‘सराव’ कुठेच नाही. मी उठून बसायला हवं होतं, पण स्लाइडा बनवण्यात दोन रात्री जागलेला मी! चादरीत असा डोळा लागला की काय सांगू!

जाग आली ती थंडीनं. चादर सारली तर शेजारी तीन स्ट्रेचर, तिन्हींवर चादरी. कोपऱ्यात शवगृहाचा म्हातारा लहानू स्टुलावर बसून संत्रं सोलत होता.

“लहानूभाऊ! मी जिवंत आहे!”

त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. “पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात, साहेब.”

“अरे, मला ओळखत नाहीस का?”

“ओळखतो ना. म्हणून तर वाईट वाटून राहिलं.” त्यानं माझी फाइल पुढे केली. सगळ्या सह्या जागच्या जागी, एक रकाना रिकामा नाही! खोटं कशाला बोलू, क्षणभर मला अभिमानच वाटला.

आणि मग आठवला तो फोन! घरी कलावती एकटी, त्यात तिला बीपी. ही बातमी ऐकून तिचं काही बरंवाईट झालं तर?

“दार उघडंच आहे,” फोड तोंडात टाकत लहानू म्हणाला. “जा, या फिरून. सगळे परत येतात.”

मागे नाड्यांचा गाऊन, अनवाणी पाय, असा मी पळत सुटलो. भरदुपारी कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नाही! माझ्या पावलांचा आवाजही होत नव्हता. धापा टाकत रिसेप्शन गाठलं.

“नाम?” मुलीची नजर स्क्रीनवर.

“रत्नाकर ढोक.”

“इनकी तो डेथ हो गई, भैया. दो नंबर खिड़की पे जाइए.”

“घर पे फोन गया क्या?”

“ग्यारह मिनट में!” ती खुशीत म्हणाली. “घरवाली आ भी गईं. हॉल में हैं.”

हॉलचं दार ढकललं. स्टेजवर आमचे डायरेक्टर हेमचंद्र साहेब माइकपाशी डोळे पुसत होते. “रत्नाकरजी क्वालिटी के लिए जिए, और क्वालिटी से ही गए. दो मिनट का मौन!”

ड्रिलला टाळ्या वाजवणारी तीच दोनशे माणसं, फाइलमधल्या सह्यांवर विश्वास ठेवून, खुर्च्या सरकवत उठली. दोनशे माना खाली गेल्या. पहिल्या रांगेत कलावती उभी होती, तोंडात पदर कोंबून रडत. अधारतालच्या घरून तशीच निघालेली, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

मी हळूच जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. “कलावती, काहून रडून राहिली? मी आहे ना!”

ती वळली. मला नखशिखान्त पाहिलं. किंचाळली नाही, पडली नाही. माझं मनगट तिनं असं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या मला रुतल्या.

“हात बर्फासारखा गार आहे तुमचा,” ती कुजबुजली.

“अगं, तो तिथल्या एसीनं...”

“चूप! इतके लोक उभे आहेत. आधी मौन होऊ द्या.”

मनगट मात्र तिनं सोडलं नाही. मग काय करता! माझ्या श्रद्धांजलीला मीसुद्धा मान खाली घालून, डोळे मिटून उभा राहिलो. दोन मिनिटं झाली, खुर्च्या वाजल्या, लोक बसले. मी तसाच उभा. खरं सांगू? डोळे उघडले आणि समोर पुन्हा लहानूच दिसला तर? उघडायची हिंमतच होईना!