झबल्याचं पक्कं पॅकिंग

कारखान्यात त्यांना सगळे पॅकिंगमास्तर म्हणत. काचेचे कप बोटीने कुठल्या कुठे जायचे, पण पंधरा वर्षांत मास्तरांच्या खोक्यातल्या एका कपाचा कान तुटला असेल तर शपथ! म्हणूनच बायकोचे दिवस भरत आले तेव्हा मास्तर छाती काढून म्हणाले, "हॉस्पिटलची बॅग मी भरणार."

"जावईबापू, राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. (त्यांनी जावयाला घरात साधा रुमालही घडी करताना पाहिलं नव्हतं.)

बायकोने मात्र विश्वास टाकला. तिने स्वतः शिवलेलं पिवळं झबलं त्यांच्या हातात दिलं. "बाळाला पहिलं हेच घालायचं हं. दुसरं काही नाही."

झालं! मास्तर कामाला लागले. कारखान्याचा नियम असा, की सगळ्यात नाजूक माल मधोमध. झबलं हवेच्या फुग्याफुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, भोवती टॉवेल, त्याभोवती दुपटी, त्याभोवती बायकोचे गाऊन. मग बॅगेला प्लॅस्टिकच्या पट्ट्या आवळल्या, दोन उभ्या, दोन आडव्या. वर लेबल लावलं, 'ही बाजू वर'.

"अहो, हॉस्पिटलात जायचंय, बोटीने नाही!" बायको म्हणाली. "आणि उघडायची कशी?"

"कटर ठेवलाय की!" मास्तर म्हणाले, आणि त्यांनी लांबून एकदा बॅगेकडे डोळे भरून पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला हॉस्पिटलात बाळाचा पहिला आवाज ऐकू आला. मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. "मुलगी झाली! दोघी छान आहेत. कपडे द्या पटकन."

मास्तरांनी खिसे चाचपले. कटर नाही. मग एकदम आठवलं. कटर त्यांनी ठेवला होता खरा, पण बॅगेत. झबल्याशेजारी. (धार लागू नये म्हणून तोही गुंडाळून.)

"सिस्टर, जरा थांबता का?"

"पंधरा मिनिटं. मग बाळाला आमचा गाऊन घालते."

मास्तरांनी पट्टी ओढली, किल्लीने घासली, शेवटी दातात धरली. पट्टी हलेना. हलेल कशी? मास्तरांनीच आवळली होती! घामाने डबडबलेले असतानाही त्यांना स्वतःच्या कामाचं कौतुक वाटून गेलं.

"आता चावताय काय बॅगेला?" सासूबाई कडाडल्या आणि तरातरा बाहेर गेल्या. परत आल्या त्या हॉस्पिटलच्या माळीकाकांना दंडाला धरूनच. काकांनी कुंपण छाटायची भली मोठी कात्री काढली. खटाखट चार पट्ट्या तुटल्या. गाऊन उडाले, दुपटी उडाली, आणि चौदाव्या मिनिटाला झबलं हाती लागलं.

पिवळं झबलं घातलेली लेक पाहून मास्तरांचा ऊर भरून आला. एवढीशी मूठ, एवढंसं नाक, आणि झबल्यावर एक सुरकुती नाही! त्यांना राहवेना.

"बघितलंस? नाजूक माल जसाच्या तसा पोचवला. याला म्हणतात पॅकिंग!"

बायको उशीवरूनच हसली. "मीही नऊ महिने नाजूक मालच सांभाळला हो. पण बाहेर काढायला माळीकाका नाही बोलवावे लागले."