सासूबाईंचा गुडघा आणि रीड व्हॉल्व्ह

चढाच्या निम्म्यावर मोटारसायकल धापा टाकू लागली, तशी कवळीवाल्यांची बायको सवयीप्रमाणे पिशवी घेऊन खाली उतरली. तेवढ्यात मागून तिचे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, भुर्रकन आले आणि पुढे निघून गेले. मागच्या सीटवरून ताईने हात हलवला, "ये गं सावकाश!"

दोन्ही गाड्या एकाच बनावटीच्या, टू-स्ट्रोक, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या. घरंही समोरासमोर. त्यामुळे साडूची गाडी बघायची नाही म्हटलं तरी दिसायची आणि ऐकायची नाही म्हटलं तरी ऐकू यायची. कवळीवाले दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देत. दिवसभर लोकांचे दात घासायचे आणि संध्याकाळी स्वतःचे दातओठ खायचे, असं गेले दोन महिने चाललं होतं.

शेवटी त्यांनी साडूंना विचारलंच, "मास्तर, गाडीला काही केलंत का हो?"

साडू शाळेत ड्रॉइंग शिकवत. "विशेष काही नाही हो, डॉक्टर," ते म्हणाले. कवळीवाल्यांना ते मुद्दाम डॉक्टर म्हणत. "रीड व्हॉल्व्हचं काम केलं. इंजिन श्वास घेतं ना, त्या वाटेवर पोलादाच्या पातळ पाकळ्या असतात. इंजिनानं ओढलं की उघडतात, मग मिटतात. मी हलक्या, फायबरच्या बसवल्या. पण तुम्ही नका त्या फंदात पडू. नाजूक काम आहे."

नाजूक! केसाच्या जाडीची फट जिभेआधी बोटांना कळणाऱ्या माणसाला हे ऐकवलं होतं. कवळीवाल्यांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी खोलली. फायबरचा पत्रा गावात मिळेना. मागवायचा तर पंधरा दिवस, आणि पंधरा दिवस ताईचा हात हलताना बघायचा! पातळ, लवचिक, हलकं असं घरात काय आहे, म्हणून ते कपाटं धुंडाळू लागले. एका खाकी पाकिटात त्यांना हवं ते सापडलं. सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचा एक्स-रे. त्यांनी बारीक कात्रीने चार पाकळ्या कापल्या, कडा कानशीने गुळगुळीत केल्या आणि पोलादी पाकळ्यांच्या जागी बसवल्या.

शनिवारी सासूबाई घरभर फिरत होत्या. "जावईबापू, माझा गुडघा कुठं दिसला का हो?"

"असेल इथंच कुठंतरी," कवळीवाले म्हणाले आणि मोरीत हात धुवायला गेले.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी रस्त्यावर काढली. मास्तर दारात वर्तमानपत्र वाचत उभे होते. म्हणजे वर्तमानपत्र हातात होतं आणि नजर गाडीवर. बायको मागे बसली. किक मारली. इंजिन शिंकलं, कार्बोरेटरमधून पेट्रोलची पिचकारी उडाली आणि कवळीवाल्यांच्या पँटवर आली.

"श्वास घ्यायच्या ऐवजी थुंकतंय की!" मास्तर म्हणाले.

इतक्यात घरातून सासूबाई एक्स-रे उन्हाकडे धरून लंगडत बाहेर आल्या. "अहो जावईबापू! माझ्या गुडघ्याला खिडक्या कुणी पाडल्या?"

आता थांबणं शक्यच नव्हतं. कवळीवाल्यांनी डोळे मिटून सगळ्या अंगाचा भार किकवर टाकला. किकने असा उलटा तडाखा दिला, की पाय गुडघ्यापर्यंत झणझणला. पण इंजिन चालू झालं. आवाज जरा वेगळा, घोगरा होता. म्हणून काय झालं? त्यांनी पहिला गिअर टाकला, ऐटीत मास्तरांकडे पाहिलं आणि क्लच सोडला.

गाडी मागे निघाली.

"अहो, बाजार पुढं आहे!" बायको ओरडली.

गिअर चुकला असेल, म्हणून त्यांनी दुसरा टाकला. गाडी दुप्पट वेगाने मागे निघाली. उलटा तडाखा बसून इंजिन उलटंच फिरू लागलं होतं, पण हे कळायला वेळ कुणाकडे होता? सासूबाई चपळाईने बाजूला झाल्या. गुडघा आड आला नाही. गाडी रस्ता ओलांडून मास्तरांच्या फाटकातून आत शिरली, त्यांच्या शेडच्या अरुंद दारातून दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून सरकली आणि त्यांच्या गाडीशेजारी जाऊन बंद पडली. कुठे ओरखडासुद्धा नाही. कवळीवाले हँडल धरून तसेच बसून राहिले.

मास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र गळून पडलं. "डॉक्टर... रिव्हर्स?"

मास्तरांच्या तोंडून असा थक्क सूर ऐकण्यासाठी कवळीवाल्यांनी दोन महिने काढले होते. पण बायकोने मागून अजून त्यांचा शर्ट घट्ट धरून ठेवला होता, म्हणून त्यांच्या तोंडून खरं तेच निघालं. "रिव्हर्स कसला, मास्तर! पाकळ्या बिघडल्या आणि इंजिन उलटं फिरलं. मरता मरता वाचलो."

मास्तर तुटकपणे हसले. "सांगायचं नसेल तर राहू द्या."

दुपारी ते स्वतः आले. मूठ उघडली तर आत त्यांच्या फायबरच्या पाकळ्या. "या तुम्ही घ्या. तुमच्या मला द्या. साडूसाडूंत लपवाछपवी कसली?" कवळीवाल्यांनी परत एकदा सगळं समजावलं. जितकं समजावलं, तितके मास्तर पडेल चेहऱ्याने म्हणत राहिले, "द्या हो, द्या." शेवटी अदलाबदल झाली.

सोमवारपासून कवळीवाल्यांची गाडी चढावरून पाखरासारखी जाऊ लागली. बायको मागे बसून गुणगुणायची. समोरच्या शेडमधून मात्र किक मारल्याचे आणि मास्तरांच्या विव्हळण्याचे आवाज यायचे. चार दिवस कवळीवाल्यांना चहा फार गोड लागला.

पाचव्या दिवशी गल्लीत आरडाओरडा झाला. कवळीवाले कप घेऊन खिडकीत आले. मास्तर मान मागे वळवून, एक हात कमरेवर ठेवून, सुसाट उलटे चालले होते. मागच्या सीटवर ताई डोळे घट्ट मिटून बसली होती.

"तिसऱ्या गिअरमध्ये," कवळीवाले पुटपुटले. "माझी दुसऱ्यातच बंद पडली होती."

"असू दे ना," बायको म्हणाली. "आपली गाडी किती छान पुढं जाते आता."

कवळीवाल्यांनी चहा तसाच खाली ठेवला.

"पुढं काय," ते म्हणाले, "कुणीही जातं."