शंभरावा चौकोन

सेवा ही निरपेक्ष असते, आणि म्हणूनच तिची नोंद काटेकोर ठेवावी लागते. सापेक्ष कामाचं तसं नाही. धुलाईकेंद्रात चादरींच्या घड्या घातल्या की महिनाअखेर पगार येतो, आणि घड्या घातल्याचं आपोआप सिद्ध होतं. निरपेक्ष कामाला कागद नसेल तर पुरावाच उरत नाही. पुरावा नसलेली सेवा म्हणजे नुसता चांगुलपणा, आणि त्याला गुण देता येत नाहीत.

थोरलीला हे परदेशी विद्यापीठात पाऊल ठेवल्याच्या पहिल्याच आठवड्यात समजावून देण्यात आलं. (घरात दोन मुली, त्यातली ही मोठी, म्हणून थोरली. धाकटी तिसऱ्याच एका देशात काहीतरी वेगळं शिकत होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि दोन खोल्यांच्या घरात आई एकटी, पण ती काही शिकत नसल्यानं तिचा उल्लेख अर्जात नव्हता.) समाजव्यवस्थापनाच्या पदवीसाठी तीन गोष्टी लागत. सोळा विषयांत उत्तीर्ण होणं, स्वतःचा खर्च स्वतः भागवणं आणि शंभर तास निरपेक्ष सेवा. पहिलीसाठी ग्रंथालय होतं, दुसरीसाठी धुलाईकेंद्र, आणि तिसरीसाठी विद्यापीठानं खास सेवाभाव कक्ष उघडला होता.

शंभर तास भरले की पदवी, पदवी मिळाली की राहण्याचा परवाना दोन वर्षांनी वाढणार. थोरलीनं पहिल्याच दिवशी भागाकार करून पाहिला. सेवेच्या एका तासाला साधारण सव्वासात दिवसांचा परवाना पडत होता. निरपेक्षतेला एवढा भाव दुसरीकडे कुठे मिळाला नसता.

कक्षानं तिला एक पिवळं पत्रक दिलं. त्यावर शंभर चौकोन. एक तास सेवा झाली की लाभार्थ्यानं एका चौकोनात तारीख घालून सही करायची. नियम मागच्या बाजूला होते. चौथा नियम, सेवेच्या वेळात फोन घेऊ नये. सातवा, पन्नास तासांनंतर लाभार्थी बदलता येणार नाही, कारण त्यानं भावनिक सातत्य भंगतं. नववा, लाभार्थी जागा असावा. (रडण्याचा वेळ धरला जाईल, झोपेचा वजा होईल.)

सेवेआधी दोन दिवसांचं प्रशिक्षणही झालं. ऐकताना मान दर चार सेकंदांनी हलवावी. अधूनमधून ‘मग तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारावं. वृद्ध पुरुषाला आजोबा म्हणावं, म्हणजे आपुलकी उत्पन्न होते.

वृद्धाश्रमात वृद्ध होते शेहेचाळीस आणि सेवक एकाहत्तर. माल कमी आणि गिऱ्हाइकं जास्त, अशी परिस्थिती. ज्यांना नीट ऐकू येतं, जुनं आठवतं आणि वेळेवर डोळ्यांत पाणी येतं, असे वृद्ध सहा-सहा महिने आधीच ठरून गेलेले. पुरात नवरा गमावलेल्या एका बाईंसाठी तर प्रतीक्षायादी होती. आश्रमाच्या व्यवस्थापकबाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, “मोकळे एकच आहेत. पण ते वाचून सही करतात.”

हे गृहस्थ अडतीस वर्षं कुठल्याशा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. खोलीत एक पलंग, एक खिडकी आणि एक टेबल. टेबलावर दोन ट्रे होते. एकावर ‘आलेले’ अशी चिठ्ठी, दुसऱ्यावर ‘गेलेले’. दोन्ही रिकामे, पण रोज पुसलेले. थोरलीनं प्रशिक्षणाप्रमाणे त्यांना आजोबा म्हणून पाहिलं. त्यांनी चष्म्यावरून बघत, आपण तिचे आजोबा नसून निवृत्त हेडक्लार्क आहोत, ही दुरुस्ती तोंडी नोंदवली. तेव्हापासून ती त्यांना साहेब म्हणू लागली, आणि आपुलकी उत्पन्न झाली.

खरं तर थोरली मनातून खूश होती. तिचे वडील असेच हेडक्लार्क. भाजीच्या पिशवीतही त्रुटी काढणारे. ही जात तिला अंगणातल्या झाडासारखी ओळखीची होती.

दर रविवारी चार ते पाच. साहेब बोलत, ती मान हलवी. एका गहाळ झालेल्या फाइलीची हकीकत चौदा रविवार चालली. दर चार सेकंदांना एक या हिशेबानं थोरलीनं तिच्यासाठी बारा हजार सहाशे वेळा मान हलवायला हवी होती. पण नवव्या रविवारी ती मान हलवायची विसरली आणि मध्येच विचारून बसली, “मग सापडली का हो फाइल?” साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं चहा ओतून दिला. (फाइल सापडली. त्यांच्याच खुर्चीची उंची वाढवायला खाली घातलेली होती.)

भाषाही ती वर्गापेक्षा तिथंच जास्त शिकली. धुलाईकेंद्राच्या मुकादमाला ती आता ‘सदर चादर डागयुक्त आढळल्याने पुनर्धुलाईस्तव परत करण्यात येत आहे’ असं सांगे. मुकादम घाबरून तिला मान देऊ लागला.

याच चार ते पाचच्या दरम्यान थोरलीच्या पिशवीत फोन गुरगुरायचा. आईचा. आईच्या लेखी रविवार म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे मुलगी मोकळी. चौथ्या नियमामुळे थोरली फोन घेत नसे. साहेब गुरगुर थांबेपर्यंत बोलणं थांबवीत, एखादा वरिष्ठ दारावरून जात असल्यासारखे. मग बसमध्ये थोरली आईला फोन करी. आई, सेवेत होते, बरी आहेस ना, नंतर निवांत करते. हे संभाषण सरासरी चार मिनिटांचं, त्यातलं एक मिनिट ‘ऐकू येतंय का’ यात जाई.

नव्व्याण्णव सह्या झाल्या. शंभराव्या रविवारी पाच वाजता थोरलीनं पत्रक पुढे केलं. साहेबांनी ते घेतलं, ‘आलेले’च्या ट्रेमध्ये ठेवलं आणि सांगितलं, तपासणी चालू आहे.

मग तपासणी खरोखरच चालू झाली. एकतिसाव्या चौकोनातली सही रेघेबाहेर गेलेली आढळली. (सही त्यांचीच होती.) बासष्टाव्या तासात लाभार्थी अकरा मिनिटं झोपला असल्याची शंका निघाली. (झोपणारेही तेच.) सत्त्याहत्तरावर शाई निळी, नियमात काळी. थोरली सेवाभाव कक्षात धावली. पत्रकं जमा करायची मुदत अठरा दिवसांवर आली होती. कक्षप्रमुखानं अतिशय सहानुभूतीनं, दर चार सेकंदांनी मान हलवत सगळं ऐकलं आणि सातवा नियम दाखवला. लाभार्थी बदलता येणार नाही. शंभरावी सही नसेल तर पदवी नाही, आणि पदवी नसेल तर परवाना नाही, परतीचं तिकीट मात्र विद्यापीठ सवलतीत काढून देतं.

पुढच्या रविवारी ती बिस्किटांचा मोठा पुडा घेऊन गेली. साहेबांनी तो स्वीकारला आणि वहीत लिहिलं, ‘बिस्किटे, एक पुडा, प्राप्त. सदर प्रकरणाशी याचा संबंध नाही.’

तेव्हा मात्र थोरलीचा आवाज चढला. पुढच्या शुक्रवारनंतर मला इथं राहता येणार नाही, दोन वर्षं दुसऱ्यांच्या चादरी झाडल्या त्या काय यासाठी, असं बरंच काही ती बोलली. साहेबांनी तिला पुरं बोलू दिलं.

“सहा जण झाले तुझ्याआधी,” ते म्हणाले. “शंभरावी सही झाली की सगळे फार रडायचे. एकानं तर मला फोटो काढून फ्रेम करून दिला. त्यानंतर एकही आला नाही. आणि तू बघ. सही राहिली, म्हणून आज एकशेएकाव्यांदा आली आहेस.”

तेवढ्यात पिशवी गुरगुरली.

“कोण असतं हे दर रविवारी?”

“आई.”

“तिचं पत्रक कुठंय?”

“आईचं पत्रक नसतं, साहेब.”

“मग किती तास झाले ते कळतं कसं?” असं म्हणून त्यांनी एक चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. ‘आईचे पत्रक, शंभर तास, सहीनिशी सोबत जोडावे. नंतर विचार करता येईल.’

थोरलीला हायसं वाटलं. माणूस अडला की काही खरं नसतं, पण त्रुटी निघाली म्हणजे काम होणार. कागद मागितला की कागद करता येतो. तिनं कक्षातून एक कोरं पत्रक आणलं आणि त्याचा फोटो आईला पाठवला. आईनं कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याची छापील प्रत आणली. कशाला, असं तिनं विचारलं नाही. बुधवारी दुपारी थोरलीनं व्हिडिओ कॉल लावला. शंभर रविवारच्या शंभर तारखा ती सांगणार, आई सही करणार. दहा मिनिटांचं काम.

पण आईला तारखा पाठ होत्या.

“ह्या तारखेला? ह्या तारखेला कुठं बोललो आपण? तू उचललाच नव्हतास. त्या दिवशी नळ गळत होता म्हणून मी विचारायला केला होता. करते हो सही, मी आपलं सांगतेय.” पुढची तारीख. त्या दिवशी तुझ्या बाबांचा जुना स्वेटर सापडला होता. पुढची. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई गेल्या. पुढची. अशी ती तक्रार म्हणून नव्हे, तर रकाना भरायचाच आहे तर बरोबर भरावा म्हणून सांगत राहिली. त्रेपन्नाव्या चौकोनाशी ती थांबून म्हणाली की ही सही जरा वाकडी आली तर चालेल ना, कारण त्या रविवारी उजव्या डोळ्यावर पट्टी होती.

“कसली पट्टी?”

“अगं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नाही का झालं. सांगायलाच केला होता फोन. तू सेवेत होतीस.”

थोरलीनं चौपन्नावी तारीख सांगायला बराच वेळ घेतला. शंभर सह्या संपल्या तेव्हा एक तास वीस मिनिटं झाली होती. आईनं पेनचं टोपण लावलं, पत्रक उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली, “झालं ना काम? छान वेळ गेला. अजून एखादं पत्रक असेल तर पाठव हो.”

रविवारी साहेबांनी आईच्या पत्रकाची आलेली प्रत भिंगाखाली धरली.

“हे एका बैठकीत केलंय.”

“हो.”

“किती वेळ?”

“एक तास वीस मिनिटं.”

“तेवढा वेळ तू फोनवर होतीस?”

“हो.”

साहेबांनी लाल पेन काढलं. नव्व्याण्णव चौकोन त्यांनी एकेक करून, घाई न करता खोडले. उरलेल्या एकापुढे लिहिलं, ‘तास एक, मान्य. वीस मिनिटे पुढे ओढावीत.’ मग ‘आलेले’मधून पिवळं पत्रक उचललं, शंभराव्या चौकोनात काळ्या शाईनं सही केली आणि ते ‘गेलेले’च्या ट्रेमध्ये ठेवलं.

“सातवी,” ते म्हणाले.

थोरली रडली. (हा वेळ शंभरच्या बाहेर पडत असल्यानं धरता आला नाही.)

त्यानंतर सगळं रीतसर झालं. पदवी मिळाली, परवाना वाढला. ‘एका वृद्धानं मला ऐकायला शिकवलं’ या तिच्या तीनशे शब्दांच्या अनुभवलेखाला बक्षीस मिळालं आणि तो विद्यापीठाच्या माहितीपत्रकात छापला गेला. (आईचा भाग शब्दमर्यादेत बसला नाही.) सेवाभाव कक्षानं तिला नोकरी दिली. रुजू होताच तिनं एक सुधारणा केली, ती आजही वाखाणली जाते. आता लाभार्थ्याला कागदावर सही करावी लागत नाही. फोनवर बटण दाबायचं, आणि अठ्ठेचाळीस तासांत दाबलं नाही तर तास आपोआप मान्य. अडकलेल्या प्रकरणांची संख्या शून्यावर आली आहे.

साहेबांकडे जायचं तिच्या डायरीत दर रविवारी लिहिलेलं असतं. पण नव्या सेवकांचं प्रशिक्षण नेमकं रविवारीच असतं, चार ते पाच. मान किती सेकंदांनी हलवावी, ते ती स्वतः करून दाखवते. त्याच वेळी पिशवी गुरगुरते.

तेव्हा एकंदर ताळा असा. विद्यापीठाच्या नावावर शंभर तास जमा. थोरलीच्या नावावर पदवी, परवाना, बक्षीस आणि नोकरी. साहेबांच्या नावावर बिस्किटांचा एक पुडा आणि सही अडवून मिळवलेले दोन रविवार. आईच्या नावावर शंभर सह्या खर्च, तास एक मान्य, वीस मिनिटं अजून पुढे ओढलेलीच.

हे सगळं वाचायला साधारण दहा मिनिटं लागतात. वाचकानं ती एकट्या पडलेल्या दोन माणसांविषयी कळकळ वाटून घेण्यात घालवली, तेव्हा ती सेवेत धरायला कक्षाची काही हरकत नाही. फक्त लाभार्थ्याची सही लागेल. ‘नंतर निवांत करतो’ असं आपण शेवटचं ज्यांना सांगितलं, त्यांच्याकडेच पत्रक पाठवून द्यावं. ते न वाचता सही करतात.