मी जरा देखावा बघतेय!

"वर चढायच्या आधी खाली उतरायची वाट बघून ठेव," असं ओदेतबाईंनी आपल्या सुनेला, मायलिसला, पहिल्यांदा फाँतेनब्लोच्या जंगलात नेलं तेव्हाच सांगितलं होतं. मायलिसने ते हसण्यावारी नेलं. तिला चढायचंच नव्हतं, मग उतरण्याची चौकशी कशाला? तिचं काम खाली उभं राहून घाबरण्याचं होतं, आणि ते ती अगदी मन लावून करायची.

या घरात रविवार म्हणजे खडक. ओदेतबाईंचं सगळं आयुष्य दोरीबिरी न बांधता इथल्या वाळूतल्या खडकांवर चढण्यात गेलेलं. मायलिसचा नवरा बास्तियाँ लग्नाच्या आधीपासून एकाच खडकाच्या पोटाखाली लोंबकळायचा आणि ठरलेल्या जागी धप्पकन पडायचा. आणि आता त्यांची पाच वर्षांची लेक लिझों, पोरांसाठी रंगवलेले पांढरे बाण शोधत खारीसारखी सुटलेली! मायलिसने घोटे मुरगळण्यावरचं मिळेल ते सगळं वाचून काढलं होतं. लोक पडण्यासाठी एखादी गादी आणतात. ती पाठीला तीन बांधून यायची. मागून बघणाऱ्याला कपाटच चालत निघाल्यासारखं वाटे.

आज गाडीतून उतरतानाच तिने जाहीर केलं, "हे बघा, आज एक जण जरी कुठे अडकलं, तर लिझोंचं चढणं बंद. मी तिला पोहायला घालणार."

लिझोंचा चेहरा एवढासा झाला. "आई, पण पोहून पोहून वर कुठे पोचतो गं आपण?"

"अडकलं कोणी तर बास्तियाँ आहे की," ओदेतबाई म्हणाल्या.

"तो? खडक दिसला की त्याला स्वतःचं नाव आठवत नाही!"

आणि तसंच झालं. बास्तियाँ आपल्या खडकाकडे धावला, मायलिस गाद्या सोडवत बसली, आणि तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, "आई, इथून आपली गाडी दिसते!"

हत्तीच्या पाठीसारख्या एका खडकावर, दोन पुरुष उंचीवर, लिझों उभी होती.

"हलू नकोस!" मायलिस किंचाळली. तिन्ही गाद्या खाली टाकून ती समोरूनच खडकाला भिडली. ती त्या बाजूला उभी होती, एवढंच त्याचं कारण.

"अगं, बूट पुस आधी! वाळूने खडक झिजतो!" ओदेतबाई ओरडल्या.

जवळच चीज-पाव खात बसलेली मंडळी हातातले घास टाकून, आपापल्या गाद्या ओढत धावली. सगळ्यांचे तळवे तिला झेलायला वर झाले.

"उजवा पाय वर! भरवसा ठेव पायावर!"

"कोणत्या पायावर?"

"आहे त्या!"

आणि काय आश्चर्य! बुटाचा तळवा खडकाला चिकटला. बोटांना एक खाच सापडली, जणू तिच्याच बोटांच्या मापाने कोरलेली. अंग आपोआप वर उचललं गेलं. दम लागला, छाती धडधडली, गुडघा सोलला, आणि शेवटी पोटावर सरपटत ती माथ्यावर पोचली. पाइनची झाडं डोलत होती. खाली टाळ्या पडत होत्या. मायलिसने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. भीती वाटायचं ती चक्क विसरून गेली होती!

"लिझों, बघितलंस?"

"हो!" उत्तर खालून आलं. "मी मागच्या फटीतून उतरले पण!"

मायलिसने ती फट पाहिली. तिच्यातून एक लहान मूल गेलं असतं, फार तर एक लांब पाव. समोरून डोकावली, तर मंडळी गाद्या घेऊन चीजकडे परतत होती, आणि तिच्या गाद्या बास्तियाँ खांद्यावर टाकत होता.

"तू वर आहेस ना? मग या जरा नेतो हं! आज जमणार, नक्की!"

"येतेस ना गं?" ओदेतबाईंनी विचारलं.

मायलिसने लिझोंकडे बघितलं. लिझों श्वास रोखून आईकडे बघत होती. अडकले म्हणावं, तर पोरीचा रविवार गेला.

"मी जरा देखावा बघतेय!"

"तिथून फक्त गाडीतळ दिसतो," चीजवाल्यांपैकी कोणीतरी म्हणालं.

थोड्या वेळाने ओदेतबाई बाजूने चढून वर आल्या, जिना चढावा तशा. शेजारी बसून कुजबुजल्या, "अडकलीस."

"छे."

"अडकलीस गं. तो पलीकडचा बुटका खडक दिसतो? त्यावर एक टांग टाकायची, मग बसून घसरत खाली. खाली बघू नकोस, पलीकडे बघ."

मायलिसने डोळे ताणून पलीकडे बघितलं आणि उडी घेतली. क्षणभर खाली काहीच नव्हतं! मग पायांना खडक लागला, पाठ घासली, आणि सर्रकन ती वाळूत.

"परत वर जाऊ?" असं लिझों म्हणाली नाही, मायलिस म्हणाली.

जेवायची वेळ झाली. "ओदेत, चला!" तिने हाक मारली.

"व्हा तुम्ही पुढे," वरून प्रसन्न आवाज आला. "मी जरा देखावा बघतेय."

मायलिसने पावाचा तुकडा तोडला, तोंडाशी नेला, आणि तिचा हात तसाच थांबला. हा सूर तिच्या चांगलाच ओळखीचा होता. ती खडकाखाली धावली.

"गुडघा का?" तिने हळूच विचारलं.

"उतरायची वाट तीच आहे गं," ओदेतबाई पुटपुटल्या. "मागच्या खेपेला गुडघा माझा होता. हा डॉक्टरांनी बसवलाय, तो उडीला तयार होईना. बास्तियाँला सांगू नकोस, जन्मभर ऐकवेल."

मायलिसने बास्तियाँच्या खालून तिन्ही गाद्या ओढल्या. तो तेव्हा लोंबकळतच होता. तिच्याकडे लक्ष द्यायला त्याला फुरसत कुठली? हत्तीखाली गाद्यांची चळत लावून तिने तळवे वर केले.

"तोंड खडकाकडे करा. हां, आता खाली. भरवसा ठेवा पायावर!"

"कोणत्या?"

"जुन्या!"

ओदेतबाई इंच इंच करत उतरल्या आणि सुनेच्या गळ्यातच पडल्या.

"आजी अडकली होती ना?" लिझोंने रडवेल्या आवाजात विचारलं. "मग आता पोहायला?"

"अडकली कुठे? देखावा बघत होती," मायलिस म्हणाली. "पुढच्या रविवारी तुझे ते पांढरे बाण मलाही दाखव."

लिझोंने असा आनंदाचा चीत्कार केला की चीजवाल्यांनी पुन्हा तळवे वर केले.

तेवढ्यात पलीकडून गर्जना झाली. "जमलं! अरे, बघितलं का कोणी?"

कोणीच बघितलं नव्हतं. खाली गाद्या नाहीत हे दिसल्यावर बास्तियाँला पडायचा धीरच झाला नाही, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो माथ्यावर पोचला होता.

"शाब्बास! ये आता जेवायला!"

बास्तियाँने माथ्याच्या सगळ्या कडांवरून खाली डोकावून बघितलं. जिथे तो कधी पोचलाच नव्हता, तिथून उतरायची वाट त्याने बघून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

"तुम्ही करा सुरुवात!" तो म्हणाला. "मी जरा देखावा बघतोय!"

मायलिसने पाव खाली ठेवला आणि गाद्या उचलल्या. जाता जाता तिचं तुम्हाला एवढंच सांगणं आहे: तुमच्या घरचंही कोणी आत्ता कुठेतरी उंचावर बसून "मी मजेत आहे, तुम्ही व्हा पुढे" म्हणत असेल, तर कृपा करा, जेवण जरा थांबवा आणि एकदा जाऊन बघून या.