श्रावणजींच्या कथेत कोणी मरत नाही

मी एका कथेत श्रावणजींच्या बायकोला मारलं आणि ती कथा पोस्टात टाकायला श्रावणजींच्याच हातात दिली.

एवढा मूर्खपणा माणूस शुद्धीत असताना करत नाही, हे मला मान्य आहे. पण कथास्पर्धेची शेवटची तारीख जवळ आली की नवोदित लेखक शुद्धीत कुठे असतो? त्यात मला फ्रेमचा माल आणायला खामगावला जायचं होतं. श्रावणजी पोस्टाकडे निघाले होते. पाकीट डिंकानं चिकटवलेलं, वरून टेप लावलेली. मी म्हटलं, बंद पाकिटाला काय डोळे असतात?

आधी श्रावणजी कोण ते सांगतो.

नांदुऱ्याच्या बाजारात ते मापारी होते. शेतकऱ्याचा माल काट्यावर चढवायचा आणि वजन पुकारायचं, हे काम. काम सुटलं, पण हातातला काटा सुटला नाही. कोणतीही वस्तू घेतली की तळहातावर दोनदा वर-खाली करून जोखल्याशिवाय ते खाली ठेवत नाहीत. लग्नपत्रिकासुद्धा. माझं चष्म्याचं दुकान आहे. पहिल्यांदा चष्मा घ्यायला आले तेव्हा त्यांनी एकही फ्रेम डोळ्यांना लावून पाहिली नाही. एकेक उचलून जोखत गेले. "हा नाकाले जड भरीन. हा नाई. हा बी नाई." शेवटी दुकानातली सगळ्यात हलकी आणि सगळ्यात कुरूप फ्रेम त्यांनी घेतली आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून म्हणाले, "आता हे वाचून दाखव. दिसते का बरोबर ते पाहू."

"श्रावणजी, दिसते का ते तुम्हाले पाहाचं हाय, मले नाही."

"तू वाच त खरं."

ती त्यांची कथा होती. नंतर माझ्या लक्षात आलं की चष्मा हा बहाणा होता. गावात त्यांची कथा ऐकायला कोणी उरलं नव्हतं आणि दुकानदार गिऱ्हाइकाला हाकलत नाही, एवढं त्यांना बाजारात राहून माहीत होतं.

म्हातारपणी कोणी भजनाला लागतो, कोणी राजकारणावर बोलायला लागतो. श्रावणजी कथास्पर्धांना लागले. कुठल्या दिवाळी अंकाची, कुठल्या वाचनालयाची, कुठल्या पतसंस्थेची, जी स्पर्धा दिसेल तिच्यात त्यांची कथा जायची. लोक पोथी वाचतात तशी ते नियमावली वाचत. "नियमावली वाच बे," हे त्यांचं पालुपद. तरी एकदा पंचवीस वर्षांखालच्या लेखकांसाठीच्या स्पर्धेत त्यांनी कथा पाठवली. मी वयाचं म्हटलं तर म्हणाले, "त्यायनं लेखकाचं वय इचारलं ना? लेखक म्हणून मी परवाच जन्मलो." आयोजकांनी हा मुद्दा मान्य केला नाही.

बक्षीस त्यांना कधीच मिळालं नाही. निकाल लागला की ते पहिल्या क्रमांकाच्या लेखकाला अभिनंदनाचं पोस्टकार्ड टाकत आणि त्याची कथा मिळवून माझ्या दुकानात बसून वाचत. वाचून झाली की तळहातावर जोखल्यासारखं करून म्हणत, "कथा भारी हाय. पण शेवटी मेलीच पाह्य म्हातारी."

आता त्यांच्या कथा. सुरुवात झकास. बाजारातली माणसं, हमालांची भांडणं, कापसाच्या गाडीखाली झोपलेली कुत्री, सगळं असं की वास यावा. मधे संकटं अशी कोसळत की मी दुकानात गिऱ्हाईक विसरून ऐकायचो. आणि शेवटच्या पानावर सगळं ठीक व्हायचं. पुरात वाहून गेलेला माणूस झाडाला अडकलेला सापडायचा. विहिरीत उडी घेतलेल्या सुनेला खाली पाणीच कमी लागायचं. एका कथेत तर चालती गाडी रुळावरून घसरली, डबे एकमेकांवर चढले, आणि सगळे प्रवासी कपडे झटकत बाहेर आले. एकालाच काय ते खरचटलं, तोही तिकीट न काढलेला निघाला. श्रावणजींच्या कथेत बैलसुद्धा मरत नसे.

एका परीक्षकांनी कळवलं होतं की लेखक मृत्यूपासून तोंड लपवतो. श्रावणजींनी तो कागद जोखला आणि म्हणाले, "हलका हाय."

मी एकदा त्यांच्या घरी न राहवून म्हटलं, "श्रावणजी, एखाद्या कथेत एखादा माणूस मारून त पाहा. बक्षीस पक्कं."

त्यांनी घराच्या आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "आत आवाज जाते बे."

मला वाटलं, बायकोची झोप मोडते म्हणून म्हणत असतील.

कमलकाकू आतल्या खोलीत पडून असायच्या. लकव्यानं डावं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. ती मात्र दोन माणसांना पुरेल एवढी होती. मूलबाळ नव्हतं. हवेच्या गादीचा पंप दिवसभर घुरघुरायचा. गादी होती तरी पाठीला जखमा झाल्या होत्या, एक तर मूठ जाईल एवढी. श्रावणजी त्या धुवायचे, पट्टी बदलायचे, काकूंना कुशीवर वळवायचे, भांडं द्यायचे, चादर उन्हात टाकायचे. मग हात धुऊन, फिनेलचा वास तसाच घेऊन, लिहायला बसायचे. डॉक्टरांनी मोठ्या गावाला नेण्याबद्दल बोलणं आता सोडलं होतं. ते यायचे, नाडी पाहायचे आणि बाहेर ओट्यावर येऊन चपला घालण्यात बराच वेळ लावायचे.

श्रावणजींचा एक कायदा होता. घरातून जाणारी कथा काकूंना वाचून दाखवल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही. पाहुण्याची कथा असली तरी. "पहिला परीक्षक घरात, बाकीचे नंतर." हो, पाहुणा मीच. त्यांच्या कथा ऐकता ऐकता मलाही लिहायची खाज सुटली होती. माझ्या पहिल्या दोन कथा काकूंनी ऐकल्या. पहिलीला त्या झोपल्या. दुसरीला जाग्या राहिल्या आणि म्हणाल्या, "याच्यापेक्षा झोपली असती त बरं झालं असतं."

तिसऱ्या कथेला मात्र मला विषय सापडला. तो समोरच पडून होता, असं म्हणायला आता मला लाज वाटते. पडून असलेली बायको आणि तिचं सगळं करणारा म्हातारा. मी श्रावणचा कार्तिक केला, कमलची शेवंता केली, नांदुऱ्याचं मलकापूर केलं, मापाऱ्याचा शिंपी केला, आणि मला वाटलं की आता माझ्या जन्मदात्यालाही ओळखू येणार नाही. जखमा, पंप, फिनेल, चादरी सगळं जसंच्या तसं घेतलं. शेवटी म्हातारा सकाळी दूध आणायला जातो, परत येतो, तिला वळवायला हात लावतो, तर अंग थंड. शेवटचं पान लिहिताना मी स्वतः रडलो. आपणच आपल्या कथेला रडलो म्हणजे पहिलं बक्षीस आलं, असं मला वाटलं. ही कथा त्या घरात वाचायची नाही, एवढी अक्कल मला होती. म्हणून तर पाकीट बंद करून दिलं. "वाचायला वेळ नाही, थेट टाका," असंही सांगितलं.

संध्याकाळी खामगावहून आलो, दुकान उघडतो तोच फोन.

"पाकीट हलकं भरून राह्यलं बे. पोस्टाच्या दारातून वापस आणलं. फोडून पाह्यलं त हमीपत्रच नाई. कथा स्वतःची हाय, असं लिहून सही लागते. नियमावली वाचत जाय ना. ये, सही कर. उद्या सकाळी टाकतो."

"येतो. तुम्ही... वाचली का?"

"तुह्यासाठी थांबलो. कमल ऐकाले बसली हाय."

काकू बसू शकत नव्हत्या, पण त्या घरात असंच म्हणत.

मी गेलो तेव्हा श्रावणजी पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले होते. चष्मा पुसून झाला होता. मी म्हटलं, "श्रावणजी, राहू द्या. लय लांब हाय. मी थोडी दुरुस्त करतो, मग वाचा."

"काऊन रे?" काकू म्हणाल्या. "लाजून राह्यला का? कोणत्या पोरीवर लिहिलं?"

"तसं नाही काकू, बरी नाही जमली."

"पहिल्या दोन कोणत्या जमल्या होत्या? वाचा हो तुम्ही."

आणि श्रावणजींनी वाचायला सुरुवात केली. आवाज बाजारात पुकारा करायचा, खणखणीत. पहिल्याच परिच्छेदात पंप आला. काकूंनी मान थोडी वळवली. दुसऱ्या पानावर पाठीची जखम आली.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "हिचं त माह्यासारखंच हाय."

"हो," श्रावणजी म्हणाले आणि वाचत राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी खिडकीच्या गजाकडे पाहत होतो. काकूंना मात्र मजा यायला लागली होती. कार्तिक शेवंतेला जेवू घालतो तिथं त्या हसल्या. "वरण सांडवते का हा बी? सगळे सारखेच मेले." शेवंता देवाला नावं ठेवते तिथं, "बरोबर बोलली," म्हणाल्या. माझ्या आयुष्यात माझं लिहिलेलं इतकं मन लावून कोणी ऐकलं नाही. आणि मला तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

कार्तिक दूध आणायला निघाला. गल्लीत कोणीतरी भेटलं, बोलणं झालं. तो परत आला. त्यानं भांडं ओट्यावर ठेवलं आणि तिच्या खांद्याला हात लावला.

इथं श्रावणजी थांबले.

त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं. थोडंसंच प्यायले. डोळे त्या ओळीवरून पुढे गेले असावेत, कारण कागद किंचित हलला. मी उठून तो हिसकावून घ्यायला हवा होता. मी बसून राहिलो.

"थांबले काऊन?" काकू म्हणाल्या. "काय झालं तिले?"

श्रावणजींनी बोट ओळीखाली ठेवलं आणि वाचू लागले, "शेवंतेनं डोळे उघडले. म्हणाली, एवढा उशीर? मले भूक लागली."

मी असं लिहिलं नव्हतं.

बोट ओळीवरून पुढे सरकत होतं, ओळ संपली की खाली येत होतं, आणि तोंडातून भलतंच निघत होतं. शेवंतेनं भाकर मागितली. ठेचा मागितला. कार्तिकनं म्हटलं, डॉक्टरनं तिखट बंद केलं. ती म्हणाली, डॉक्टरलेही दे थोडा. मग जखम भरत आली. मग डाव्या हाताचं एक बोट हललं. श्रावणजींनी वेळेवर पान उलटलं. पुढच्या पानावर मी तिरडी बांधली होती. त्यांनी त्या पानावर तिला उशीला टेकवून बसवलं. आवाज बाजारातला राहिला नव्हता. एका जागी तो पार बसला, तेव्हा ते म्हणाले, "अक्षर लय बारीक हाय याचं," आणि पुन्हा चालू झाले. पानं संपली. शेवटचा कागद हातात तसाच धरून त्यांनी तिला उभी केली, भिंतीला धरून चालवलं, दाराच्या चौकटीपर्यंत आणलं. म्हातारा बाहेरून येतो आणि पाहतो तर दारात ती उभी, उजेडात, हातानं डोळ्यांवर सावली करून.

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. त्यावर दोन्ही हात ठेवले. पंप घुरघुरत राहिला.

गाडी घसरूनही न मेलेले ते सगळे प्रवासी, पाणी कमी निघालेली ती विहीर, मी ज्याला ज्याला हसलो होतो ते सगळं मला तिथं बसल्या बसल्या आठवत होतं.

काकूंनी बराच वेळ नवऱ्याकडे पाहिलं. श्रावणजींनी मान वर केली नाही. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"चांगली उचलली होती रे बाबू. मी म्हटलं, आता याले बक्षीस भेटते. शेवटी पार माती केली."

"हो काकू."

"एवढी सडलेली बाई. ती का दारापर्यंत चालत येते? ती मराले पायजे होती. सकाळीच, तो दूध आणाले गेला तवाच. मस्त सुटली असती बिचारी. अन् त्याले बी झोप भेटली असती."

श्रावणजी पानं एकावर एक ठेवत होते. कडा जुळत नव्हत्या. पुन्हा सगळी काढून पुन्हा ठेवत होते.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"चुकलंच," काकू म्हणाल्या. "बाईले मारतानी एवढा भेतं, त लिहाले कायले बसतं? चष्मे विक तू."